उकंडरावांचा रेडिओ

बुलढाणा, आश्विन शुद्ध षष्ठी

सौ. सुभद्रेस अनेक आशीर्वाद.

मी खुशाल आहे. घसा जरा बसला आहे, पण काळजी करू नकोस. भुलाबाईची गाणी सुरू झाली असतील. आपली वत्सली मोकळ्या आवाजात म्हणते ना?

काल इथे हुंड्याविरुद्ध बोललो. आपले होणारे व्याही उकंडराव पुढेच बसले होते. सगळ्यांत जोरात टाळ्या त्यांच्याच. मग घरी नेऊन चहा पाजला आणि म्हणाले, "इवाई, लय करमणूक झाली. आमाले काई नाई पायजे, पोराले एक रेडिओ तेवढा घेऊन द्या. घरात करमणूक नको का?"

या लोकांना तमाशा, सर्कस, कीर्तन, व्याख्यान सगळं सारखंच. ऐकायचं, पान थुंकायचं आणि आलो तसं घरी जायचं. आपल्या पोरी भुलाबाईची झाकलेली खिरापत ओळखताना हसतात, त्याला मी करमणूक म्हणतो. तिथे जी खाते ती गातेही. यांना नुसतं घेणं ठाऊक.

मी तिथेच भडकून बोललो. घरातली माणसं दारात जमली. उकंडरावांनी मांडीवर थाप मारली, "हे तं भाषणाहून बी झकास झालं, इवाई." सगळे हसले.

मग मी आवाज न चढवता दोनच शब्द बोललो, "सोयरीक मोडली." तेव्हा कोणी हसलं नाही.

वत्सली साखरपुड्याचं लुगडं अजून उशाशी घेऊन निजते का? तिला हे तूच सांग. मला ते बोलता येणार नाही.

तुझा,
कडूबा