बाळाच्या आगमनाची रंगीत तालीम

१२ जानेवारी, रविवार. सकाळी ७.१५
आठवा महिना लागला. आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवायला नाही, नोंद हवी म्हणून. जे काम नोंदलं नाही ते झालंच नाही, असं मी कारखान्यात सगळ्यांना सांगते.

पहिल्या वेळी काय तमाशा झाला होता! नवऱ्याने दवाखान्याच्या फाइलऐवजी वॉशिंग मशीनच्या गॅरंटीची फाइल आणली. डॉक्टरीणबाईंनी त्यातली दोन पानं वाचलीसुद्धा. घराची किल्ली घरातच. मी मात्र कळा देता देता सगळ्यांना सूचना देत होते.

या वेळी असलं काही होणार नाही. रंगाच्या कारखान्यात मी अकरा वर्षं सेफ्टी ऑफिसर आहे. मी शिट्टी वाजवली की चारशे माणसं तीन मिनिटं चाळीस सेकंदांत मैदानात उभी असतात. घरात तर तीनच माणसं. त्यातलं एक साडेचार वर्षांचं.

संकल्प एक: बाळ येण्याची मॉक ड्रिल. दर रविवारी.
संकल्प दोन: थोरलीला काही म्हणजे काही कमी पडू द्यायचं नाही. दुसरं आलं की पहिलं पोर कोपऱ्यात जातं, हे मी बहिणीकडे पाहिलंय. बहिणीकडे प्लॅनिंग शून्य. माझ्या लेकीच्या मनावर ओरखडासुद्धा उठता कामा नये.

१९ जानेवारी, रविवार
ड्रिल क्र. १. वेळ: एकोणीस मिनिटं. लाज वाटावी असा आकडा.

कामांची वाटणी अशी. नवरा: बॅग, फाइल, गाडी. थोरली: शाळेचं दप्तर पाठीला, बूट पायात आणि थेट समोरच्या काकूंकडे. काकू शिवणकाम करतात. त्यांच्याकडे एक स्टूल आहे, तोच तिचा असेंब्ली पॉइंट. रडायचं नाही, हट्ट करायचा नाही, आईला हाका मारायच्या नाहीत. बाळ म्हणून तिचीच बाहुली टॉवेलात गुंडाळली. बाहुलीला नाव आहे, ती बाळ नाही, असं तिचं म्हणणं पडलं. ऐकून घेतलं.

नवरा शिट्टी ऐकून फोनवर त्याच्या भावाला म्हणाला की थांब, हिचं काहीतरी चाललंय. आणि बोलतच राहिला.

दोन शिट्ट्या म्हणजे ड्रिल समाप्त. बाहुली परत कपाटात, थोरली माझ्या मांडीवर आणि हातात बिस्किट. पुढची ड्रिल कधी, असं तिने लगेच विचारलं. नोंद: उत्साह उत्तम.

२ फेब्रुवारी, रविवार
ड्रिल क्र. ३. अकरा मिनिटं. प्रगती.

एक त्रुटी. थोरली काकूंकडे हमसून हमसून रडली. मी तिला नीट समजावलं. अगं, ही ड्रिल आहे, खोटी खोटी. तू शहाण्यासारखी बसलीस की शिट्टी वाजते आणि सगळं होतं पहिल्यासारखं. तिला एका वाक्यात पटलं. याला म्हणतात ट्रेनिंग.

सासूबाईंचा फोन. त्यांनी सुचवलं की शिट्ट्या फुंकण्यापेक्षा पोरीला जवळ घेऊन बाळाबद्दल दोन शब्द सांग. मी त्यांना सांगितलं की माणूस सांगून शिकत नाही, सवयीने शिकतो. त्या बरं म्हणाल्या. त्यांच्या 'बरं'चा मला मनस्वी राग येतो. भांडायला जागाच ठेवत नाहीत.

१६ फेब्रुवारी, रविवार
आता ड्रिल न सांगता. खरं संकट काय अपॉइंटमेंट घेऊन येतं? या आठवड्यात तीन झाल्या. एक नवऱ्याच्या आंघोळीच्या वेळी मुद्दाम. तो साबणासकट बाहेर आला आणि नको ते बोलला. मी म्हटलं, अहो, ही खरीच वेळ आहे! खरं वाटल्याशिवाय माणूस पळत नाही. पळाला. फाटकापर्यंत गेला, टॉवेलवर. चार मिनिटं पन्नास सेकंद.

काकूंच्या खोलीत जमिनीवर टाचण्या दिसल्या. लेखी नोटीस दिली. त्यांनी ती घडी घालून डुगडुगणाऱ्या मशीनच्या पायाखाली ठेवली. म्हणाल्या, अगदी मापाची झाली.

थोरली आता रडत नाही. स्टुलावर हाताची घडी घालून बसते. काकूंनी लाडू दिला तरी ड्रिल चालू आहे म्हणून घेत नाही. काकू म्हणाल्या, पोर अशी बसलेली बघवत नाही. लोकांना शिस्त बघायची सवयच राहिलेली नाही.

१ मार्च, शनिवार
पाय सुजलेत. रजेचा अर्ज सोमवारी नक्की. (मागच्या शनिवारीही हेच लिहिलंय. पण तेव्हा काम होतं.)

१० मार्च, सोमवार. दवाखाना
काल बाळ झालं. मुलगा. दोघंही सुखरूप. आता सविस्तर अहवाल.

सकाळी १०.४० ला कळ आली. मी घड्याळ पाहिलं, शिट्टी घेतली, वाजवली. कुणीही उठलं नाही.

नवरा बाथरूममध्ये. आतूनच ओरडला की या आठवड्याची ड्रिल गुरुवारी झाली. मी म्हटलं, अहो, खरीच वेळ आहे. तो म्हणाला, तेव्हाही हेच म्हणाली होतीस, या वेळी मी पूर्ण आंघोळ करणार. आणि गाणं म्हणायला लागला. मी भिंतीला धरून उभी, आणि आतून तान!

जागेवर होती ती एकटी थोरली. दप्तर, बूट, सगळं पन्नास सेकंदांत. माझ्याकडे बघून नीट मान डोलावून काकूंकडे गेली. तिच्यामुळेच काकूंना कळलं. गळ्यात माप घ्यायची टेप तशीच ठेवून त्या धावत आल्या, टॅक्सी बोलावली आणि मला खाली नेलं. नवरा चाळीस मिनिटांनी दवाखान्यात उगवला. बॅग घरी. फाइल आणली होती, पण पहिल्या बाळंतपणाची. नर्सने ती बघून मुलगी झाल्याबद्दल त्याचं अभिनंदन केलं.

निष्कर्ष: योजना निर्दोष. मनुष्यबळ सुमार.

१४ मार्च, शुक्रवार
घरी आलो. लोकांनी किती भीती घातली होती! थोरली बाळाला चिमटे काढेल, आदळआपट करेल, परत अंगठा चोखायला लागेल. काही नाही. बाळाकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, छान आहे. माझ्या मांडीवर येण्याचा हट्ट नाही, भरवायला सांगत नाही. दप्तर दाराशी, बूट दाराशी. जेवून झालं की स्वतःची ताटली ठेवते आणि खुर्चीत हाताची घडी घालून बसते.

फोटो काढून ऑफिसच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं: शून्य अपघात. अठ्ठावीस अंगठे आले.

नवऱ्याचं म्हणणं, ती जरा जास्तच गप्प आहे. ज्या माणसाला चाळीस मिनिटं उशीर झाला त्याचं मत मी विचारात घेत नाही.

२२ मार्च, शनिवार
धाकटा दुपारी तीन ते सहा रडतो. का रडतो ते त्यालाच ठाऊक. दूध पाजण्याचा तक्ता फ्रिजवर लावला होता, तो त्याने मानायला नकार दिला आहे. माझी आंघोळ परवा झाली असावी. नक्की आठवत नाही आणि नोंदही नाही.

सासूबाई आल्या आहेत. मदत होते, नाही असं नाही. पण आल्या दिवशीच म्हणाल्या की पोर जेवताना एक अक्षर बोलत नाही, तिला जरा जवळ घे. मला असं लागलं! जसं काही मी सावत्रच आहे. सांगितलं की ती स्वावलंबी झाली आहे. त्या बरं म्हणाल्या.

तरी संकल्प: उद्यापासून रोज पाच ते साडेपाच फक्त थोरलीसाठी. तिला सांगूनही टाकलं. हो म्हणाली.

२३ मार्च. बाळाला पाच वाजता शी झाली. तीनदा.

२४ मार्च. ऑफिसचा फोन. महत्त्वाचा होता. (फायर एक्स्टिंग्विशर कुठे ठेवलेत, विचारत होते. भिंतीवर!)

२५ मार्च, मंगळवार
पाचला बसले. थोरलीला म्हटलं, बोल. ती काय बोलू असं विचारून हाताची घडी घालून बसली. मला पाच वाजून पाच मिनिटांनी डोळा लागला. उठले तर अंगावर तिचा एवढासा स्वेटर पांघरलेला आणि ती खुर्चीत. वेळ संपली होती.

नोंद: दुसऱ्याची काळजी घेण्याची वृत्ती वाढीस लागली आहे. स्वेटर घडी करताना उगाच रडू आलं. बाळंतपणात होतं तसं.

२ एप्रिल, बुधवार
बालवाडीच्या बाईंची चिठ्ठी. थोरली वर्गात दिवसभर दप्तर पाठीवरून उतरवत नाही. गाणी म्हणतानाही नाही, डबा खातानाही नाही. कुठे बाहेरगावी जायचंय का, असं बाईंनी विचारलंय.

उलट टपाली कळवलं: आमच्या घरी सज्जतेचे संस्कार आहेत. कौतुकाबद्दल आभार.

सासूबाईंनी चिठ्ठी वाचली. या वेळी बरंसुद्धा म्हणाल्या नाहीत. संध्याकाळी पाहिलं तर त्या थोरलीच्या शेजारी नुसत्या बसल्या होत्या. काय मिळतं असं बसून?

१० एप्रिल, गुरुवार
कारखान्याच्या पत्रिकेसाठी लेख मागितलाय! विषय: सुरक्षिततेची सुरुवात घरातून. मॅनेजरसाहेब स्वतः म्हणाले की तुमच्या मुलीचं उदाहरण सगळ्यांना कळायला हवं. धाकट्याला खांद्यावर टाकून एका हाताने दोन पानं टाइप केली. शेवटचं वाक्य फार सुरेख जमलंय: "माझ्या मुलीने धाकट्या भावाचा एकदाही राग केला नाही, कारण तिची तयारी पूर्ण होती."

रविवारी घरात सगळ्यांसमोर वाचून दाखवणार. सासूबाईंसमोर विशेष करून.

१३ एप्रिल, रविवार. संध्याकाळी
लिहावं की नाही, कळत नाही. लिहिते.

चार वाजता सगळ्यांना हॉलमध्ये बसवलं. बाळ सासूबाईंकडे. लेख वाचला. नवऱ्याला आंघोळीचा परिच्छेद आवडला नाही. मग मी थोरलीला उभं केलं आणि म्हटलं की इतकी छान वागलीस, तुला बक्षीस काय हवं ते माग.

ती म्हणाली, म्हणजे संपली?

काय संपली, मी विचारलं. ड्रिल, ती म्हणाली. ही ड्रिल खूप म्हणजे खूपच मोठी होती. पण ती एकदाही रडली नाही, हट्ट केला नाही, हाका मारल्या नाहीत, दप्तरसुद्धा काढलं नाही. बाईंनी सांगितलं तरी नाही. आता शिट्टी वाजव, बाळ दवाखान्यात परत दे आणि मला घे. बिस्किट नसलं तरी चालेल.

नवरा जमिनीकडे बघत होता. सासूबाई माझ्याकडे बघतील म्हणून मी तिकडे पाहिलंच नाही.

मी म्हटलं, बाळा, ही ड्रिल नाही. हे खरं आहे. तो आपला आहे, इथेच राहणार.

कधीपासून खरं आहे, तिने विचारलं.

त्या रविवारपासून, मी म्हटलं.

तिने बोटांवर काहीतरी मोजायचा प्रयत्न केला. तिला दहापर्यंतच येतं. पस्तीस दिवस झाले, मी मनात मोजले. मग तिने दप्तर काढलं, जमिनीवर आपटलं आणि जो काही टाहो फोडला! मला दोन्ही हातांनी मारलं. मी धरायला गेले तर मनगटाला कडकडून चावली. तुला खोटं बोलता येतं, मला नाही येत, असं काहीतरी ओरडत होती. धाकटाही रडायला लागला. नवरा उठला, परत बसला.

अशा प्रसंगी काय करायचं त्याची यादी माझ्याकडे आहे. सात मुद्दे आहेत. त्यातला एकही आठवला नाही. मीही रडत बसले, तिच्यासमोर, फरशीवर. मला हे कसं दिसलं नाही? सगळ्यांना दिसत होतं. शिवणकामवाल्या काकूंना दिसत होतं. ज्या बाईंना मी आभाराचं पत्र पाठवलं, त्यांना दिसत होतं.

बऱ्याच वेळाने तिचा आवाज बसला. हुंदके देत उभी राहिली. मी पाय पसरून मांडी मोकळी केली आणि म्हटलं, ये.

ती आली नाही. दोन पावलांवर थांबली आणि विचारलं, हे खरं की ड्रिल?

खरं, मी म्हटलं. शप्पथ खरं.

तिने मान वळवून आजीकडे पाहिलं. आजीने मान डोलावली, तेव्हा आली.