भाताची देग आणि मंत्रिमहोदयांची खुर्ची

प्रति,
मा. चौकशी अधिकारी साहेब,
लोकसुविधा खाते, हैदराबाद राज्य,
हैदराबाद (दक्खन)

विषय : भाताची तांब्याची देग परत मिळणेबाबत, न मिळाल्यास मंत्रिमहोदयांची खुर्चीही जप्त होणेबाबत.

संदर्भ : चौकशी समितीचा अहवाल, दि. २० ऑक्टोबर १९५२, पान ४, शेवटची ओळ.

महोदय,

अंबाजी हिम्मतराव कदम, धंदा आचारी, वय एकावन्न, राहणार गौलीगुडा, यांच्या वतीने हा अर्ज सादर आहे. अर्जदाराला लिहिता येते, पण राग आला की त्याचे अक्षर बिघडते. सबब लेखणी जामबागेतले निवृत्त मास्तर लक्ष्मणराव यांच्या हाती आहे. खाली ज्या एक्केचाळीस आजाऱ्यांचा उल्लेख आहे त्यांत मास्तरही होते. त्यांचाही राग कुठे उतरला असल्यास माफी असावी.

१. नल्लकुंट्यातल्या पाण्याच्या नव्या टाकीचे उद्घाटन ऑगस्टअखेर ठरले होते. मंत्रिमहोदयांना स्वातंत्र्यदिनाचा मुहूर्त आवडला, म्हणून त्यांनी तारीख पंधरा दिवस अलीकडे ओढली. टाकी धुण्याचे काम नेमके त्या पंधरा दिवसांत व्हायचे होते, ते राहून गेले. पुढे टाकी उपसली तेव्हा आत चुना, पावसाचे कुजलेले पाणी आणि गवंड्याच्या चपला सापडल्या. जोड पूर्ण होता, हे समितीने अहवालात समाधानाने नमूद केले आहे.

२. उद्घाटनानंतर टाकीशेजारच्या मांडवात सत्कार आणि दोनशे पानांचे जेवण होते. स्वयंपाक अर्जदाराचा. मंत्रिमहोदय भाषणात म्हणाले की, मंत्र्याला पगार मोठा, बंगला मोठा, मोटार मोठी, कारण त्याची जबाबदारी मोठी. अर्जदाराने झारा खाली ठेवून टाळ्या वाजवल्या, याचा त्याला आज पस्तावा होतो. मग मंत्रिमहोदयांनी टाकीच्या पाण्याचा चांदीचा पेला ओठांपर्यंत नेला, छायाचित्र निघेपर्यंत तिथेच धरला आणि व्यासपीठावरच्या झेंडूच्या कुंडीत रिकामा केला. पुढे दौरा असल्यामुळे ते पंगतीला न बसता विडा तोंडात टाकून गेले. उरलेली मंडळी पोटभर जेवली आणि वर पोटभर पाणी प्यायली. दिवस मावळेपर्यंत एक्केचाळीस माणसे दवाखान्यात होती. कोणी दगावले नाही ही देवाची कृपा. त्यात खात्याचा काही हात नाही.

३. समितीने चार पाने लिहून सगळे खापर अर्जदाराच्या डोक्यावर फोडले. शेवटची ओळ अशी : "आचाऱ्याने अन्नाची व पाण्याची चव घेतली नाही, सबब तोच जबाबदार." साहेब, नैवेद्य दाखवल्याशिवाय आचारी जिभेला कण लावत नाही. मीठ कमी की जास्त हे तो वाफेच्या वासावरून ओळखतो. अर्जदाराच्या बापाने हीच चाल पाळली, अर्जदार तीस वर्षे पाळतो आहे. त्या दिवशी तर मंत्रिमहोदयांची मोटार येईपर्यंत नैवेद्यच अडवून ठेवला होता; देवसुद्धा ताटकळला. शिवाय भात उकळलेला होता आणि पाणी कच्चे होते. पिण्याचे पिंप टाकीच्या नळाखाली स्वयंसेवकांनी भरले होते. जप्त मात्र भाताची देग झाली.

४. देग न्यायला जमादार चार माणसे घेऊन आले. "अंबाजी भाई, मेरे हात में क्या है? हुकुम है, नक्को बोले तो बी ले जाना पडता," असे ते बिचारे कळवळून म्हणाले. अर्जदाराची बायको गंगू दारात आडवी उभी राहिली. "ज्यात भात शिजला ते भांडं नेताय, मग ज्या खुर्चीत बसून तारीख ओढली ती कधी नेणार? दोन्ही एकाच गाड्यावर मावतील की!" जमादारांनी हे पंचनाम्यात घेतले नाही, म्हणून मास्तर इथे घेत आहेत. नीट विचार करता अर्जदाराला बायकोचे म्हणणे कायद्याला धरून वाटते. खुर्ची गेल्यास मंत्रिमहोदयांनी उभ्याने काम करावे. आचारी जन्मभर उभ्यानेच काम करतो, त्याने प्रकृतीला काही होत नाही. आणि जबाबदारी जर बंगल्यातून घरंगळत चुलीपर्यंत आली असेल, तर तिच्यामागोमाग निदान बंगल्याचा व्हरांडा तरी यावा. अर्जदाराची चुलाणे पावसात भिजतात. मोटारीचा आग्रह नाही.

५. इथवर आपण हसला असाल तर अर्जदाराची हरकत नाही, पुढचे मात्र हसण्यावारी नेऊ नये. त्याची मुलगी विमल हिचे लग्न मार्गशीर्ष शुद्ध पंचमीला आहे, म्हणजे सोळा दिवसांवर. व्याही सज्जन आहेत, पण अहवाल वाचून त्यांनी निरोप धाडला की स्वयंपाक दुसऱ्या आचाऱ्याकडे द्यावा. ज्याने लोकांच्या शेकडो मुलींच्या लग्नांचा भात शिजवला, त्याने स्वतःच्या मुलीच्या लग्नात चुलीकडे फिरकायचे नाही! हे ऐकल्यापासून अर्जदार धड जेवलेला नाही. विमल म्हणते, "बाबा, तुमच्या हातचा भात नसेल तर मला बोहल्यावर उभं राहायचं नाही." ती हट्टी आहे, आईवर गेली आहे.

६. अर्जदाराच्या धंद्यात चाल अशी आहे की आचारी शेवटच्या पंगतीला बसतो. अन्न कमी पडले तर तो उपाशी राहतो. नासले तर ते सर्वांआधी त्याच्याच पानात वाढतात. हीच चाल मंत्रिमहोदयांना लावावी, एवढीच विनंती. त्या दिवशीच्या पाण्याची बाटली सोबत जोडली आहे. त्यांना आपल्या कचेरीत बोलवावे आणि एक पेला भरून द्यावा. जवळपास कुंडी ठेवू नये. ते प्यायले, तर अर्जदार देग खात्याला देऊन टाकील आणि पुन्हा चूल पेटवणार नाही. न प्यायले, तर पान ४ वरची शेवटची ओळ खोडून ते का प्यायले नाहीत तेवढे तिथे लिहावे, आणि त्याची एक नक्कल व्याह्यांना पाठवावी.

लग्नाला आपण अवश्य यावे. शेवटच्या पंगतीत अर्जदाराच्या दोन्ही बाजूंना पाट मांडलेले असतील : एक आपला, एक मंत्रिमहोदयांचा.

वाट पाहणारा, आपला नम्र,
अंबाजी हिम्मतराव कदम
(सही स्वतःची. अक्षर बिघडले आहे.)
गौलीगुडा, दि. ६ नोव्हेंबर १९५२

सोबत :
१) छायाचित्र. पेला पूर्ण दिसतो, कुंडी अर्धी.
२) पाण्याची बाटली, लाख लावून बंद.
३) विमलच्या लग्नाच्या पत्रिका, दोन.

ता. क. बाटली कचेरीत कोणी चुकून पिऊ नये. तसे झाल्यास जबाबदार कोण हे ठरवायला पुन्हा समिती बसेल, आणि अर्जदाराकडे आता दुसरी देग नाही.