काळ्या शिंप्याचे चार खंड

४ जुलै

ती. बाबांना,
शि. सा. न.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि वसतिगृहाच्या जिन्यात उभं राहून मला ओरडता येत नाही, म्हणून पत्र. आईलाही वाचून दाखवा, मधलं गाळू नका.

काल समितीसमोर माझा पीएचडीचा विषय मांडला. लहानपणी आपल्याकडे दर आठवड्याला यायचं ना, ते चित्रकथांचं साप्ताहिक. मुलं कॉमिक्स नुसती वाचत नाहीत, ती घडवतातसुद्धा, हे मला त्यावरून दाखवायचंय. काळा शिंपी आठवतो? लोकांच्या सावल्या कापून नेणारा? तो विहिरीत पडून मेला आणि काही आठवड्यांनी परत आला. मुलांनी पत्रं लिहून लिहून संपादकांच्या नाकी नऊ आणले, म्हणून त्याला परत आणावं लागलं, असं माझं म्हणणं. माझ्या मार्गदर्शक सरांनी चष्मा काढला आणि म्हणाले, ग्राफिक नॉव्हेल घ्या, त्याला खोली असते. ही पोरासोरांची रद्दी घेऊन विद्यापीठात कुठे फिरणार? सगळे हसले. मीही हसले, आणि त्याचाच जास्त राग येतोय. सप्टेंबरअखेर हे प्रकरण पुराव्यासकट दाखवायचं, नाहीतर विषय बदलायचा. म्हणजे तीन वर्षं पाण्यात.

साप्ताहिक कधीच बंद पडलं. ग्रंथालयांनी अंक ठेवले नाहीत. माळ्यावरच्या ट्रंकेत आहेत तेवढेच उरलेत. सगळे पाठवा, आणि लवकर पाठवा.

कॉमिक्सवर तुमचा राग आहे, तो तिथेच ठेवा. माझ्यावरचा लोभ मात्र असू द्या.

तुमची
ठकी

---

२९ जुलै

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला, कारण हात गुंतले होते. आज पार्सल टाकलं. तुझ्या विभागाच्या पत्त्यावर, म्हणजे वसतिगृहात कुणी पळवायला नको.

तुझ्या सरांचं ते ‘रद्दी’ वाचून माझं टाळकं सरकलं. मी स्वतः त्या अंकांना शंभरदा रद्दी म्हटलं असेल, पण तो आपला घरचा मामला. बाहेरच्यानं काय म्हणून म्हणावं? उभा जन्म ग्रंथालयाच्या बांधणी विभागात गेला माझा. एवढं कळतं, की माणसं आधी पुस्तकाची पाठ बघतात आणि मग त्याला मान द्यायचा की नाही ते ठरवतात. तेव्हा सुटे अंक पाठवून तुझं हसं करायचं नाही, असं ठरवलं.

ट्रंक उतरवली. गंजलेल्या पिना काढल्या, अंक क्रमानं लावले. आमच्या विभागात मासिकं बांधायची रीत होती तशीच केली, म्हणजे पुढची-मागची वेष्टनं आणि जाहिरातींची पानं बाजूला, नुसता मजकूर ठेवायचा. कडा कुरतडल्यासारख्या झाल्या होत्या, त्या जुन्या दोस्ताच्या छापखान्यातल्या मशीनवर एका रेषेत कापून आणल्या. चार खंड झाले, पाठीवर सोनेरी अक्षरं. निवृत्तीनंतर इतकं मन लावून काही केलं नव्हतं. डोळे आता साथ देत नाहीत, त्यामुळे हे शेवटचंच समज. तुझी आई सारखी म्हणत होती की पोरीला विचारून घ्या. म्हटलं, चांगल्या कामाला काय विचारायचं!

बांधताना दोनचार पानं वाचली. शिंपी बरा आहे. आता तुझ्या सरांना म्हणावं, काढा चष्मा.

तब्येत सांभाळ, रागावर पाणी पीत जा. आमची माया आहेच, ती पत्रात वेगळी कशाला लिहायची?

तुझा
बाबा

---

६ ऑगस्ट

ती. बाबांना,
नमस्कार.

पार्सल मिळालं. मी पोचायच्या आत सरांनीच ते उघडलं होतं. खंड हातात घेऊन सोनेरी अक्षरांवरून बोट फिरवत होते. म्हणाले, आता कशी ही साधनं वाटतात! आणि चारही खंड त्यांच्या काचेच्या कपाटात ठेवले. माणसं पाठ बघून मान देतात हे तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं निघालं, आणि त्यामुळे मला आणखीच संताप आलाय.

बाबा, मुलांची पत्रं मलपृष्ठावर छापायचे. दर अंकाच्या, मागच्या वेष्टनावर! शिंप्याला परत आणा, नाहीतर आम्ही अंक घेणार नाही, असं लिहायची पोरं. तेवढाच पुरावा होता माझा, आणि तो तुम्ही काढून टाकलात. जाहिरातीही मला हव्या होत्या. चित्रं पानाच्या कडेपर्यंत होती, तीही कापली. शिंपी विहिरीत पडताना जे ओरडतो त्या फुग्यातली शेवटची ओळ मशीनखाली गेलीय. आता तो काय म्हणत मेला हे जगात कुणालाच कळणार नाही.

आईनं सांगूनसुद्धा तुम्ही विचारलं नाहीत. माझ्या भल्यासाठी काही करताना तुम्ही कधीच विचारत नाही. शाळा बदलताना विचारलं नाहीत, माझी खोली भाड्यानं देताना विचारलं नाहीत. तुमच्यावर धड रागावताही येत नाही, कारण खंड खरंच देखणे झालेत. त्यामुळे रात्रंदिवस नुसती धुमसतेय. समितीसमोर जाऊन काय दाखवू, सोनेरी अक्षरं?

माया वगैरे लिहायची आज इच्छा नाही. आहे ती समजून घ्या.

ठकी

---

१२ ऑगस्ट

चि. ठकीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र तुझ्या आईनं मोठ्यानं वाचलं. गाळलं काहीच नाही. वर स्वतःची दोन वाक्यं घातली.

मलाही राग आलाय, ते आधी लिहून टाकतो. मलपृष्ठ हवं हे एका ओळीत कळवलं असतंस तर तुझ्या हाताला काय मुंग्या आल्या असत्या? असो. तू म्हणतेस तेही खोटं नाही. विचारायला हवं होतं.

आता नीट वाच. वेष्टनं काढली असं मी लिहिलं, फेकली असं नाही. बाजारातला पुठ्ठा ओल धरतो म्हणून मी तो कधीच वापरत नाही. जाड कागद एकावर एक चिकटवून घरीच पुठ्ठा करतो. तुझी वेष्टनं चांगल्या कागदाची होती. चारही खंडांच्या पुठ्ठ्यांत तीच आहेत, थरावर थर. जाहिरातींची पानं पातळ होती, ती रद्दीवाल्यानं नेली. कापलेल्या कडाही गेल्या. त्याला माझा इलाज नाही.

चिकटवायला खळच वापरली आहे, साधी पिठाची. आज बांधलेलं पुस्तक उद्या कुणाला तरी उघडावं लागतं, हे धरूनच बांधायचं असतं. वरचं कापड सोलून काढ. पुठ्ठ्यावर ओलं फडकं टाक, खळ फुगू दे. मग कोपऱ्यापासून एकेक थर सोडव. ओढू नकोस. तुला घाई फार.

खंड वाचवायच्या भानगडीत पडू नकोस. फोड. मला वाईट वाटणार, ते मी बघून घेईन.

तुझा
बाबा

---

२ सप्टेंबर

ती. बाबांना,
शि. सा. न.

खंड परत मागितले तेव्हा सर देईनात. कशासाठी ते सांगितल्यावर तर कपाटाला पाठ लावूनच उभे राहिले. म्हणाले, एवढी सुरेख पुस्तकं, यांची पुन्हा रद्दी करणार? मी म्हटलं, हो, आणि ती बांधणाऱ्याची परवानगी आहे. दोन महिन्यांपूर्वी याच अंकांवर हसणारा माणूस, आता माझ्याकडे खाटकाकडे बघावं तसा बघतो. हसावं की डोकं आपटावं कळेना.

दोन खंड फोडले. पहिल्या घावाला रडले, तुमचं काम असं सुबक की सुरी लावायला हात धजेना. पण थर सुटले. मलपृष्ठं डागाळलीत, काही फिकट झालीत, तरी पत्रं वाचता येतात. शिंपी मेल्यानंतरच्या आठवड्यातली पोरांची पत्रं तर अशी आहेत की संपादकाला झोप लागली नसेल. एका मुलीनं लिहिलंय, शिंप्याला विहिरीतून काढायला तुमच्याकडे दोर नसेल तर आमच्या घरचा पाठवते.

तिसऱ्या खंडात माती खाल्ली. घाई केली, ओढलं, आणि तीन वेष्टनं मधोमध फाटली. तुम्ही बजावलं होतं, तरीही. चौथा तसाच ठेवलाय. शिंपी परत आला तो अंक चौथ्यात आहे. मुलांच्या पत्रांमुळे त्याला परत आणला असं संपादकांनी स्वतः छापलं असेल तर ते त्याच मलपृष्ठावर. ते फाटलं तर माझ्या म्हणण्याला आधार उरत नाही. चार दिवस ओलं फडकं घेऊन बसतेय आणि तसंच वाळत घालतेय.

विभागात कागद जपणारे एक तज्ज्ञ आहेत, त्यांना दाखव असं सर म्हणतात. नाही दाखवणार.

बाबा, तुम्ही या. डोळे साथ देत नसतील तर माझे आहेत, तुम्ही नुसते हात लावा. आईलाही आणा. राग अजून गेलेला नाही, तो समोर बसवून काढीन. पण या.

तुमची वाट बघणारी
ठकी