पाहुण्यांसाठी झाडलेली गल्ली

४ मार्च, मंगळवार

चि. ठमीस आजीचे ओंजळभर आशीर्वाद.

सगळ्यात आधी कोण हजर झालं असेल, सांग बरं? आपली शिंपीणबाई! म्युनिसिपालटीची माणसं दहाला यायची होती, ही बया आठालाच गळ्यात टेप अडकवून, स्वतःची खुर्ची घेऊन माझ्या दारात. मी म्हटलं, अगं, ते गल्ली बघायला येतायत, तुझ्याकडे झंपर शिवायला नाही. तर म्हणते कशी, साहेबलोक टेप विसरले तर? आणि ऐक, खरंच विसरले होते!

दोघं आले. एक टकले साहेब आणि एक फाईलवाल्या बाई. गल्लीतल्या दिव्यांसाठी आणि गटाराच्या झाकणासाठी तू भरलेला तो अनुदानाचा अर्ज त्यांच्या हातात बघून मला असं झालं की सगळ्यांना सांगावं, माझ्या नातीचं अक्षर आहे हो.

आणि आम्ही काही गाफील नव्हतो बरं. माणसं येणार म्हटल्यावर आवरायला नको? दोन दिवस अख्खी गल्ली राबली. बंद कारखान्याच्या भिंतीलगत तो ढीग होता ना, तू नाक धरून पळायचीस तो, तो हातगाडीच्या चार खेपा करून उचलला. पायऱ्या घासल्या. गटाराला झाकण नाही, तिथे घड्याळजींनी त्यांचं जुनं दार आडवं टाकलं आणि वर माझ्या कुंड्या मांडल्या. खांबावर दिवा नाही, म्हणून आपापल्या खिडक्यांतून वायरी ओढून आठ बल्ब लावले. भर दिवसा पेटवलेसुद्धा! बाईंनी पायरीवर बोट फिरवून बघितलं, बोट स्वच्छ. साहेब म्हणाले, इतकी नीटनेटकी गल्ली आम्ही पाहिलीच नव्हती. माझी छाती अशी फुगली, की शिंपीणबाईला खरंच काम मिळायचं.

तेव्हा तुझ्या बापाला सांग, दिवे आले नाहीत तर महिनाअखेरीला मला तिकडे उचलून नेणार म्हणून धमकी देऊन गेलायस ना, ती आता गुंडाळून ठेव. मी माझ्या घरातच राहणार.

दूध उतू चाललंय, उठते. आजीवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी आजी


८ मार्च, शनिवार

ती. आजीस सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी खूप हसले आणि मग कपाळावर हात मारला. अगं, काय करून बसलात तुम्ही सगळे!

अर्जावर माझा पत्ता असल्याने निकाल आजच माझ्याकडे आला. त्यात लिहिलंय, पाहणीच्या वेळी वस्ती स्वच्छ होती, गटार झाकलेलं होतं, उजेडाची सोय पुरेशी होती, सबब अनुदानाची गरज दिसत नाही. मी दोन पानं भरून अंधार आणि घाण लिहिली होती. त्यांना वाटलं असेल, ही मुलगी थापाडी आहे.

फेरपाहणी मागता येते, पण पंधरा तारखेच्या आत, आणि तिथे राहणाऱ्या माणसाने स्वतः जाऊन मागायची.

बाबांना निकाल कळला. त्यांनी लगेच मागच्या खोलीतलं कपाट सरकवलं आणि तुझ्या पलंगासाठी जागा मोजली. शिंपीणकाकू त्या गटारापाशी पडल्यापासून बाबांना चैन नाही, त्यांच्यावर चिडू नकोस. मलाही तू इथे हवीस, पण उचलून आणलेली नको, हौसेने आलेली हवीस.

लवकर जा. रागावले नाहीये, थोडीशीच रागावलेय. लोभ आहेच, तो तसाच राहू दे.

तुझी ठमी


१४ मार्च, शुक्रवार

चि. ठमीस, आधी आशीर्वाद, मग बाकीचं.

काल म्युनिसिपालटीत गेले घड्याळजींना घेऊन. तीन खिडक्यांवरून हाकललं, चौथीला त्या फाईलवाल्या बाईच भेटल्या. मी सरळ सांगितलं, आम्ही तुम्हाला फसवलं, पण फसवायला नाही केलं. त्यांनी विचारलं, मग झाडलंत कशाला? मी म्हटलं, बाई, तुम्ही घरी येणार आणि मी पसारा तसाच ठेवणार, मग तुम्हीच मला काय म्हणाल? त्या हसल्या, पण म्हणाल्या, आजी, कागदाला कारण लागतं. शिंपीणबाई पडल्याचं अर्जात आहे, पण त्या तर पाहणीच्या दिवशी खुर्ची उचलून पळत होत्या. दुसऱ्या कोणाला लागलंय का?

घड्याळजी छताकडे बघायला लागले. मी बाही वर केली.

ठमे, मनगट जानेवारीपासून सुजलंय. तुझ्या बापाला मी सांगितलं होतं, चादर पिळताना लचकलं. खोटं. गटारात आधी मी पडले, शिंपीणबाई मला काढायला धावली आणि माझ्या अंगावर आदळली. तिला मी शपथ घातली, तूच पडलीस म्हण. बापाला कळलं असतं तर त्याने त्याच दिवशी माझं गाठोडं बांधलं असतं.

बाईंनी सगळं लिहून घेतलं, मी सही केली. कागद तुझ्या पत्त्यावर येईल. त्याआधी हे पत्र बापाला दाखव. ओरडू दे त्याला. त्याचा हक्क आहे.

इथे बल्ब उतरवले, दार काढलं, गटाराभोवती लाल चिंध्या बांधल्या. झाडायचं नाही असं बाईंनी बजावलंय, आणि ढीग पुन्हा गुडघ्याएवढा झालाय. मला बसवत नाही गं. दारातून खिडकीत, खिडकीतून दारात. झाडू घड्याळजींनी दुकानात कुलपात ठेवलाय. शिंपीणबाईने आज पहाटे गुपचूप आपली पायरी झाडली, तर सगळ्यांनी मिळून तिला ती धूळ परत टाकायला लावली.

बापाला म्हणावं, न्यायला यायचं तर जरूर ये, पण आधी पाहणीच्या दिवशी ये आणि माझ्या शेजारी उभा राहा. या गल्लीत दिवा लागतो की मी निघते, ते त्याच्यासमोरच ठरू दे.

तुम्हा सगळ्यांची आठवण उशाशी घेऊन निजते.

तुझी आजी

ता. क. साहेब आणि बाई येत्या गुरुवारी, वीस तारखेला, अंधार पडल्यावर येतो म्हणालेत.