‘ठेवते’ म्हटल्यानंतर

बाईसाहेबांना त्यांच्या बहिऱ्या नवऱ्याचा नमस्कार.

लेथ मशीनच्या आवाजानं गेलेल्या माझ्या कानांना कंपनीनं यंत्रं दिली आहेत. शेंगदाण्याएवढीच, पण ब्लूटूथनं मोबाइलला जोडलेली. रविवारी तुझा फोन आला, तर मी सवयीनं मोबाइल कानाला दाबून धरला. शेजारचा फिटर हसला, "काका, खिशात ठेवा." ठेवला, आणि तू थेट माझ्या डोक्यातच बोलायला लागलीस. मी चक्क मागे वळून पाहिलं.

आता ओरडून बोलू नकोस. मोरीतला नळ अजून गळतोय, तेही मला ऐकू आलं. समुद्रापलीकडचा थेंब माझ्या कानात पडतो.

माझं जेवणखाण वेळेवर आहे. धाकटीची परीक्षा कशी गेली?

आणखी एक. तू "ठेवते" म्हणालीस, पण फोन बंद करायला तुला नेहमीसारखा वेळ लागला. तेवढ्यात खोकल्याची उबळ आली, ती थांबेचना. म्हणजे बोलताना सगळा वेळ तू ती दाबून धरली होतीस. किती दिवस चाललंय हे?

उद्याच डॉक्टरांकडे जा. आणि माझ्याशी बोलताना खुशाल खोक. मला ऐकू येतं.

तुझाच,
कानवाला