कार्डावरचे श्वास

धाकट्या,

हे पत्र मी टपालात टाकणार नाही. वाचलंस की तू फोन करशील आणि नेहमीसारखं मला गुंडाळशील.

झोपेत तुझा श्वास अडकतो आणि दिवसा गाडीवर पेंग येते, म्हणून कंपनीच्या डॉक्टरांनी ते मुखवट्याचं मशीन दिलं. रोज किती तास वापरलं, हे त्यातल्या कार्डावर नोंदलं जातं आणि ते पाहूनच तुला ट्रक चालवू देतात. तू काय म्हणालास? "ताई, ही हत्तीची सोंड मला सोसत नाही. तूच लाव ना, रिटायर झालीस, तुला दुसरं काम काय!" आणि मी, जन्मभर मुलींच्या कॉप्या पकडणारी बाई, तीन महिने ती सोंड लावून झोपले! डॉक्टरांनी तुझी पाठ थोपटली. मूर्खासारखी मीही खूश झाले.

परवा तुझा ट्रक उभ्या टेम्पोवर चढला. टेम्पोवाला पाणी प्यायला उतरला होता, म्हणून वाचला. कंपनीला तू ब्रेकचं कारण दिलंस. मला मात्र म्हणालास, "डोळा लागला गं. कुणाला बोलू नकोस." सोमवारी ते कार्ड पाहून तुला पुन्हा गाडीवर बसवणार होते.

तुझी बाजू सावरून मी थकले रे. आज सकाळी मशीन घेऊन डॉक्टरांकडे गेले आणि कार्डावरचे सगळे श्वास माझे आहेत, असं सांगून आले. तुझ्या हातून गाडी जाईल. तू माझ्याशी बोलणं टाकशील. खुशाल टाक. न बोलणारा भाऊ मला चालेल.

तुझ्यावर चिडलेली,
ताई