भूत म्हणालं, येते

६ फेब्रुवारी

आज जेवणाआधी दोनदा मेले, जेवणानंतर एकदा. भरल्या पोटी मरणं अवघड — किंकाळी वर येतच नाही. परभाषेतले भीतीचे सिनेमे आमच्या स्टुडिओत मराठी बोलायला शिकतात आणि त्यांतली मेलेली मुलगी बहुतेक वेळा मीच असते. रेकॉर्डिस्टकाका मला भूतबाई म्हणतात. सकाळी कॉलेज, दुपारी स्मशान — हेही त्यांचंच.

बूथ मला फार आवडतो. भिंतींना गाद्या, अंधार, कानात दुसऱ्याच कुणाचा तरी श्वास. बाहेर आलं की ऊन खोटं वाटतं. रस्त्यावर माणसांचे ओठ आधी हलतात आणि आवाज मागून येतो, असं वाटत राहतं. आज भाजीवालीने दोनदा भाव सांगितला तरी मी तिच्या ओठांकडेच बघत होते.

९ फेब्रुवारी

संख्याशास्त्राच्या तासाला डोळा लागला. सर म्हणाले, "निदान झोप लागण्याची संभाव्यता तरी काढा." तीही आली नाही.

१३ फेब्रुवारी

ताईचा फोन. उचलला नाही.

भीतीच्या सिनेमांचं वेड मूळ तिचं. मी तिच्या पांघरुणात तोंड खुपसून बसायची आणि ती सांगायची — "मिट... मिट... हां, उघड आता." अर्धे सिनेमे मी डोळ्यांनी पाहिलेच नाहीत, तिच्या तोंडून ऐकलेत. मग आईला न पटणाऱ्या मुलाशी तिने लग्न ठरवलं. एक दिवस कॉलेजातून आले तर तिचं कपाट रिकामं. "जाते म्हणाली आणि गेली," आई म्हणाली. तेवढंच. पुढे विचारायची सोय नव्हती.

आपल्यात कुणी 'जाते' म्हणतं? कोपऱ्यावर दूध आणायला निघालेलं माणूसही 'येते' म्हणतं. ज्याला घराशी कायमचं नातं तोडायचंय तोच 'जाते' म्हणणार. आणि मग फोन कशाला करायचे? आई तिचं नावही काढत नाही, मी फोन घेत नाही. दोघी एकाच माळेचे मणी.

तिची आठवण मात्र फार येते. लिहून ठेवते, इथे कोण वाचतंय.

१८ फेब्रुवारी

आज घोळ घातला. सिनेमाचा शेवट — भूत झालेल्या मुलीला मुक्ती मिळते, ती दारात उभी राहून आईचा निरोप घेते. कागदावर होतं, "आई, मी जाते." मी म्हणाले, "आई, येते हं."

काचेपलीकडे काकांनी रेकॉर्डिंग थांबवलं. मग दिग्दर्शकबाई म्हणाल्या, "अगं, भूत 'येते' म्हणालं तर मुक्ती कसली? लोकांनी घरी जाऊन झोपायचं कसं?"

पुन्हा घेतलं. पुन्हा 'येते'. जीभच वळेना. 'जाते' म्हणायला गेले की ताईचं कपाट दिसायचं. शेवटी बाई चिडल्या — उद्या नीट जमलं नाही तर दुसरी मुलगी बघेन म्हणाल्या.

घरी येताना रस्ताभर पुटपुटत होते. जाते, जाते, जाते. शेजारून चालणारे एक आजोबा थांबून म्हणाले, "जा की मग, बाळ." ते म्हणाले ते खरंच, की मी चालता चालता झोपले होते, कळत नाही.

१९ फेब्रुवारी

वाचले. काकांनी बाईंना कालचं रेकॉर्डिंग पुन्हा ऐकवलं, दिवे घालवून. बाईंच्या अंगावर काटा आला. 'येते' राहिलं. काका म्हणाले, "भूतबाई, दुसऱ्या भागाची सोय करून ठेवलीस."

२६ फेब्रुवारी

परीक्षा. पेपरभर पाण्याखालून लिहिल्यासारखं वाटलं.

१० मार्च

सिनेमा लागला. आई दुपारच्या खेळाला येते म्हणाली — जी अंधारात माजघराचा दिवा लावायलाही मला पाठवते ती. "मी पडदा बघणार नाही, तुझा आवाज तेवढा ऐकेन." पूर्ण वेळ तोंडावर हात. मी शेजारून सांगत होते — मिट, मिट, उघड आता. ताईचेच शब्द, ताईच्याच सुरात. आईला ते कळलं असावं. तिने माझा दंड घट्ट धरून ठेवला होता.

शेवट आला. मुलगी दारात. माझा आवाज — "आई, येते हं." थिएटरभर शहारा. कुणीतरी ओरडलं. आणि त्या सगळ्यात आई अगदी रोजच्या आवाजात म्हणाली, "ये गं."

मागच्या रांगेतली मुलं खो-खो हसली. मीही हसले. आईकडे बघितलं तर ती रडत होती. घरी येईपर्यंत तिने माझा दंड सोडला नाही.

११ मार्च

सकाळी आईने स्वतःहून सांगितलं. ताई 'जाते' म्हणालीच नव्हती. दारात उभं राहून नेहमीसारखं 'येते' म्हणाली होती. आई म्हणाली होती, "येऊ नकोस."

फोन मध्ये ठेवून बसलोय. आधी कोणी बोलायचं यावर आमचं अजून भांडण चाललंय.